वाटणीची चिठ्ठी, टेंभूचं पाणी आणि माझा सत्कार

कालवाकाठ (धागा काढणारा)

गेल्या रविवारी गावात माझा सत्कार झाला. गाव खानापूर तालुक्यातलं, विट्यापासून फार लांब नाही. निमित्त म्हणजे कंपनीनं मला वरच्या पदावर घेतलं. फेटा, शाल, नारळ, सगळं रीतसर झालं. निवेदक माईकवर म्हणाला, "शून्यातून विश्व उभं केलेला आपल्या मातीतला पोरगा." टाळ्या पडल्या. मी मात्र समोर चहाचे कप घेऊन फिरणाऱ्या माझ्या चुलतभावाच्या हाताकडं बघत होतो. तो गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी आटवायच्या कामावर असतो, यात्रेसाठी आला होता. ॲसिडनं त्याची बोटं पेरापर्यंत पिवळी पडलीत. कितीही धुतली तरी जात नाहीत.

माझ्या वडिलांची आणि चुलत्यांची वाटणी झाली तेव्हा मी दुसरीत होतो. सोळा एकर रान. अर्धं ओढ्याकडचं, खालचं. अर्धं माळाकडचं, वरचं. भांडण नको म्हणून आजोबांनी दोन चिठ्ठ्या केल्या आणि शेजारच्या एका लहान पोरीला उचलायला लावल्या. वडिलांना खालचं आलं. भावकीत सगळे हळहळले. वरचं रान रस्त्याला लागून, खालच्यात नुसती चिलारीची काटेरी झुडपं आणि बैलगाडी न्यायला धड वाटही नाही. पाणी दोन्हीकडं सारखंच, म्हणजे नाहीच.

मी सातवीत असताना टेंभूचं पाणी आलं. कराडजवळ टेंभूला कृष्णेतून उचललेलं, एकेक टप्पा चढवत आमच्या दुष्काळी पट्ट्यात आणलेलं. कालवा बरोबर दोन रानांच्या मधून गेला. कालव्याचं पाणी उताराला धावतं, चढाला नाही. आमच्या आठ एकरांत आधी ऊस उभा राहिला, मग डाळिंब. चुलत्यांनी दोन बोअर मारल्या, दोन्ही कोरड्या गेल्या, कर्ज मात्र राहिलं.

चुलतभाऊ आणि मी एका बाकावर बसायचो. गणित त्याचं चांगलं होतं. अवयव पाडायला मला त्यानं शिकवलं, घराच्या ओट्यावर कोळशानं लिहून. दहावीनंतर तो भट्टीवर गेला आणि मी सांगलीला इंजिनिअरिंगला. पास झाल्यावर दीड वर्ष मला नोकरी नव्हती. त्या दीड वर्षाचं पुण्यातलं खोलीभाडं डाळिंबानं भरलं.

मी कष्ट केले नाहीत असं मी म्हणत नाही, रात्री जागलोय. पण त्यानं माझ्यापेक्षा जास्त केले, अजून करतोय. म्हणून मला वाटतं, आपण यशाची गोष्ट सांगताना चिठ्ठी आणि कालवा गाळून टाकतो आणि ते खोटं बोलणं आहे. सत्काराला उत्तर देताना हे बोलायचं मनात होतं, पण जमलं नाही. म्हणून इथं लिहितोय. तुम्हाला काय वाटतं?

भट्टीवाला_विटा

धागा वाचला. भावाबद्दलची कळकळ पोचली, पण मुद्दा पटला नाही.

मी १९६६ चा. १९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची. मला कडेवर न्यायची आणि दगडाच्या ढिगाला टेकवून बसवायची. संध्याकाळी तिच्या तळहाताचे फोड मी मोजायचो, तेवढेच आकडे मला तेव्हा येत होते. दुपारी सुकडी मिळायची, तिचं अर्धं ती माझ्यासाठी पदराला बांधून आणायची. चौदाव्या वर्षी मी गलाईला तामिळनाडूत गेलो. भाषा येत नव्हती. भट्टीशेजारीच झोपायचो. सोनारांच्या गल्लीतून डबा घेऊन फिरायचो, सोनं वितळवायची मूस फुटली तर मालकाचा मार खायचो. आज माझी दोन दुकानं आहेत, मुलगी डॉक्टर आहे.

आता तुम्ही म्हणणार, यात नशिबाचा वाटा किती? आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं देशाच्या कुठल्याही शहरात सोनं-चांदी आटवताना भेटतील. ती सगळी नशीबवान होती का? रानात पाणी असतं तर आम्ही गाव सोडलंच नसतं. आमचं नशीब फुटकं होतं म्हणूनच आम्ही उभे राहिलो. माझ्या यशाला नशीब म्हटलं की मला आईच्या तळहाताचे फोड आठवतात, आणि मला ते ऐकवत नाही.

माणदेशाची_लेक

काका, तुमच्या आईला नमस्कार. तुमच्या कष्टाला कोणी नाव ठेवूच शकत नाही. तरी एक विचारते. चौदाव्या वर्षी तामिळनाडूत तुम्ही कोणाकडं गेलात? अनोळखी गावात उतरून, अनोळखी दारात "मला काम द्या" म्हणालात, की आधी गेलेलं आपल्याकडचं कोणी होतं? गलाईचा धंदा असाच पसरला ना, एकानं दुसऱ्याला नेलं, दुसऱ्यानं मेव्हण्याला. ही साखळी म्हणजे केवढी मोठी ठेव आहे! माझ्या गावात ती नव्हती. माण तालुक्यात आमच्याकडची माणसं ऊसतोडीला जायची किंवा मुंबईला माथाडी कामाला. दुष्काळ तोच, साखळी वेगळी.

आणि दुसरं. त्या साखळीतून मुली किती गेल्या?

मी आणि माझा भाऊ एका वर्षाच्या अंतरानं दहावी झालो. मला मार्क जास्त. घरात पैसे एकाच्या वसतिगृहापुरते. आईवडील वाईट नव्हते. रात्रभर दोघं बोलत होते, मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. सकाळी भावाची ट्रंक भरली. मी पुढं लग्नानंतर, सासऱ्यांनी जिद्द धरली म्हणून डीएड केलं आणि आज शिक्षिका आहे. म्हणजे मलाही नशिबानं हात दिलाच, सासऱ्यांच्या रूपानं. माझ्याच वर्गातल्या, माझ्याइतकेच मार्क असलेल्या दोघी आज शेतमजुरीला जातात. त्या आळशी नव्हत्या हो.

भट्टीवाला_विटा

ताई, मुलींचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तो अन्याय आहे, त्याला नशीब म्हणून सोडून देऊ नका.

पण साखळीचं म्हणाल तर साखळी दारापर्यंत नेते. आत टिकायचं आपल्यालाच असतं. माझ्याबरोबर त्याच वर्षी गावातले आणखी दोन पोर आले होते. तीन महिन्यांत दोघं पळून परत गेले. दार तिघांनाही उघडलं होतं. आणि आपल्या भागाची शिकवण काय आहे? कर्मवीर अण्णांच्या, म्हणजे भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचं ब्रीदच आहे, 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद'. कमवा आणि शिका. अण्णांनी पोरांना रडायला नाही शिकवलं.

रयतचा_विद्यार्थी

रयतचं नाव निघालं म्हणून लिहितो, मीही त्याच शाळांमधून शिकलोय. काका, ब्रीद बरोबर आहे, पण ते अर्धंच वाचू नका. पोरांनी कमवून शिकावं हे खरं. पण त्याआधी ती राहणार कुठं, जेवणार काय, हे कोणीतरी बघितलं होतं. १९१९ मध्ये काल्याला संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग आलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसली. बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. ज्या पोरांनी त्या दिवशी जेवून अभ्यास केला त्यांचे कष्ट खरेच होते, आणि ते मंगळसूत्रही खरं होतं. पुढं मोठ्या पदावर पोचलेला त्यातला एखादा "मी स्वतःच्या हिमतीवर" म्हणाला असता तर तो चुकला असता असं मला वाटतं. स्वावलंबन शिकवायलासुद्धा कोणाचा तरी आधार लागला.

द्राक्षबाग_तासगाव

मी चर्चेत जरा वेगळं घालतो. आमच्या धंद्यात नशीब हे पुस्तकात वाचायचं नसतं. ऑक्टोबरला फळछाटणी घेतली, डोळे फुटले, फुलोऱ्यात बाग आली आणि नेमका तेव्हा तीन दिवस पाऊस लागला की डाऊनी रोग आलाच. दिवसाला दोन फवारण्या मारा, रात्री बॅटरीच्या उजेडात घड बघत फिरा. शेजाऱ्यानं छाटणी आठ दिवस मागं घेतली होती, त्याची बाग वाचली. तो माझ्यापेक्षा हुशार नव्हता. मजूर मिळाले नाहीत म्हणून त्याची छाटणी लांबली होती.

दुसऱ्या वर्षी उलटं झालं, त्याची बाग गेली आणि माझी वाचली. आता बघा. नशीब त्याच्यावर एकदा फिरलं आणि माझ्यावरही एकदाच. पण मी आज बागायतदार आहे आणि त्यानं बाग तोडली. का? माझा थोरला भाऊ नोकरीत होता. माझं पीक गेलं त्या वर्षी औषधांच्या दुकानाची उधारी त्यानं भरली, सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करून घेतलं. शेजाऱ्याच्या मागं कोणी नव्हतं. त्यानं तार, अँगल, सगळा मांडव मोडून विकला. मी त्याच्या बांधावर उभा होतो. चौदा वर्षांचे वेल होते, मनगटापेक्षा जाड. कुऱ्हाड घातल्यावर पाणी गळत होतं त्यातून.

म्हणून मला नशिबापेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं की पडल्यावर कोण किती वेळा उठू शकतो. वाईट वर्ष सगळ्यांना येतं. ज्याच्या मागं माणूस किंवा पैसा आहे त्याला ते एक वर्ष असतं, ज्याच्या मागं नाही त्याचं आयुष्य जातं. कालवाकाठ, तुमचं ते दीड वर्षाचं खोलीभाडं मला वाटणीच्या चिठ्ठीपेक्षा मोठं वाटलं.

कालवाकाठ

दादा, हे मी असं कधी पाहिलंच नव्हतं. पहिल्या नोकरीच्या अकरा मुलाखती मी नापास झालोय. चुलतभावाला एकही नापास होण्याची सोय नव्हती.

कोडर_बाणेर

मूळचा सांगलीचा. आमच्या क्षेत्रातलं एक उदाहरण देतो. बिल गेट्स तेरा वर्षांचा असताना, १९६८ मध्ये, सिॲटलच्या त्याच्या लेकसाइड शाळेत संगणकाचं टर्मिनल आलं. मुलांच्या आयांच्या मंडळानं जुन्या वस्तू विकून पैसे उभे केले होते. त्या काळात जगातल्या किती शाळकरी पोरांना संगणकावर रात्रंदिवस बसायला मिळालं असेल? त्यानं तासन् तास घालवले हे खरं, पण ते घालवायला यंत्र समोर होतं. तो स्वतःही हे मान्य करतो.

भट्टीवाला_विटा

त्याच शाळेत इतर पोरंही होती ना? ती सगळी गेट्स झाली का?

कोडर_बाणेर

नाही झाली. पण जिथं टर्मिनलच नव्हतं तिथलं एकही झालं नाही.

लालमाती_कराड

मला खाशाबांवर बोलायचंय. आमच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले, तेही मातीवरचा पैलवान मॅटवर उतरून. १९५२ ला हेलसिंकीत कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्यानंतर दुसरं मिळायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं. आता यात नशीब म्हणाल तर वडिलांनी लहानपणापासून आखाड्यात घातलं, हे पहिलं. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, गावानं वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, हे दुसरं.

पण वाईट बाजूही ऐका. जपानच्या इशीबरोबर लांबलेली कुस्ती झाली, एका गुणानं गेली. नियमानं मध्ये विश्रांती मिळायला हवी होती. तिथं भांडायला आपला एकही अधिकारी हजर नव्हता. लगेच सोव्हिएत पैलवानासमोर उभं केलं. दम नव्हता, हरले. बाजूला एक माणूस नियमाचा कागद घेऊन उभा असता तर पदकाचा रंग कदाचित वेगळा असता. ताकद त्यांचीच, पण बाजूला माणूस असणं-नसणं हा दुसऱ्याच हिशेबाचा भाग आहे.

भट्टीवाला_विटा

खाशाबांचं नाव घेतलंत, बरं वाटलं. पण हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. अधिकारी नाही, मॅटचा सराव नाही, पैसा नाही, आणि तरीही पदक आणलं. टेंभूचं पाणी म्हणताय, तर त्याच टेंभूत १८५६ मध्ये आगरकर जन्मले. कॉलेजात एकच सदरा, रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा. अशा माणसांच्या गोष्टी सांगूनच आम्ही पोरांना वाढवलं. त्यांना जर सांगितलं असतं की सगळा कालव्याचा खेळ आहे, तर पोरं कालव्याची वाट बघत बसली असती.

माणदेशाची_लेक

आगरकर माझेही आदर्श आहेत, मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी जे सोसलं त्यामुळं तर जास्तच. पण काका, वर्गात मी मुलांना त्यांच्या शेजारी दुसरी एक गोष्ट सांगते. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव घातलं गेलं. त्या मुलाला शाळेत वेगळं बसावं लागे, बसायला गोणपाट घरून न्यावं लागे, नळाला हात लावायची मुभा नव्हती. आगरकरांकडं सदरा एकच होता, पण तो घालून वर्गात सगळ्यांबरोबर बसता येत होतं. दोघांची गरिबी आपण एकाच शब्दानं सांगतो आणि केवढा फरक पुसून टाकतो! परिस्थितीवर मात केली म्हणताना परिस्थिती कोणी तयार केली होती, हेही पोरांना कळायला नको का?

अभ्यासिका_पेठ

मी दोन दिवस हा धागा वाचतोय. आटपाडी तालुक्यातला आहे, पुण्यात यूपीएससी करतो. हा माझा चौथा प्रयत्न. मला एकूण सहा प्रयत्न मिळतात आणि बत्तीस वर्षांची वयोमर्यादा जवळ येतेय. घरून महिन्याला जे येतं ते शेळ्या विकून येतं, हे मला कोणी सांगितलं नाही, पण दिवाळीला गेलो की गोठ्यात मोजतो मी.

तुम्ही सगळे जे म्हणताय ते मला माहीत आहे. २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे. कुठल्या पॅनेलपुढं बसायचं हे त्या दिवशीच कळतं. गेल्या वेळी माझं नाव यादीत आलं नाही ते मोजक्या गुणांनी. माझ्या खोलीवरचा मित्र लागला. आम्ही एकाच टेबलावर, एकाच नोट्स वाचल्या होत्या. नशीब आहे हे मला कोणी शिकवायला नको.

पण कृपा करून मला हे आत्ता सांगू नका. सकाळी साडेपाचला उठून मला खुर्चीत बसायचं असतं. तिथं बसताना सगळं माझ्या हातात आहे असं मानल्याशिवाय पुस्तक उघडत नाही. ज्यांचं झालंय त्यांना नशीब मान्य करणं सोपं आहे. कालवाकाठ, राग मानू नका, तुमचा सत्कार झाल्यावर तुम्ही हे लिहिलंत. मला लिहिणं परवडत नाही.

कालवाकाठ

राग कसला. तू लिहिलंस ते वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. माझी चूक झाली, मी सगळ्यांना उद्देशून लिहिलं. हे मी माझ्यासारख्यांना म्हणायला हवं होतं, ज्यांच्या गळ्यात हार पडलाय त्यांना. तू अभ्यास कर.

द्राक्षबाग_तासगाव

अभ्यासिका, पाऊस येणार का हे माहीत नसतानाच आम्ही छाटणी घेतो रे बाबा. दुसरा इलाज नाही. बस तू खुर्चीत. शेळ्यांची काळजी घरचे करतील.

भट्टीवाला_विटा

पोरा, मनापासून सांगतो, लाग.

आता ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय. मी कोणाकडं गेलो. हे लिहावं की नाही, विचार करत होतो.

आमच्या आळीतला एक जण तामिळनाडूत भट्टीवर होता. यात्रेला आला तेव्हा तो पोर न्यायला आला होता, पण मला नाही. आमच्या शेजारच्या घरातल्या पोराचं ठरलं होतं. त्याचे कपडे पिशवीत भरून झाले होते. निघायच्या दिवशी त्याला ताप भरला. गाडीचं तिकीट काढलेलं होतं. त्या माणसानं ओट्यावरून माझ्या आईला हाक मारली, "तुझं धाकटं देतीस का?" आईनं विचारायला घरात कोणी नव्हतंच. तिनं हो म्हटलं. मी त्या शेजारच्या पोराचीच पिशवी घेऊन गेलो, त्याचा शर्ट मला कोपरापर्यंत यायचा.

तो पुढं गावातच राहिला. सालगडी म्हणून होता. सहा-सात वर्षांपूर्वी गेला.

मी अजूनही माझं म्हणणं सोडलेलं नाही. त्याला ताप आला हे माझं कर्तृत्व नव्हे, कबूल. पण त्यानंतरची चाळीस वर्षं कोणी मला फुकट दिलेली नाहीत. त्याला नशीब म्हणायला जीभ रेटत नाही. मात्र गावी गेलो की त्याच्या घरावरून जायचं मी टाळत आलोय, एवढं खरं.

कालवाकाठ, तुमचा चुलतभाऊ कुठं आहे? पगारावर आहे की स्वतःची भट्टी?

कालवाकाठ

काका, सेलममध्ये आहे. पगारावरच. स्वतःची टाकायची म्हणतो, पण जागेची अनामत आणि सुरुवातीच्या मालाला लागणारे पैसे जमत नाहीत. मी देतो म्हटलं तर माझ्याकडून घेत नाही.

भट्टीवाला_विटा

तुमच्याकडून कशाला घेईल. सेलमला सोनारांच्या बाजारात आपली चार-पाच माणसं आहेत, माझा एक गाळाही रिकामा पडलाय. त्याला म्हणावं, भाडं सहा महिन्यांनी सुरू करू, पण भट्टी त्याची आणि हिशेबही त्याचा. मी निरोप पाठवतो, पुढचं तिकडं बोलू.

कालवाकाठ

आज तो रात्रपाळीला आहे. सकाळी फोन करतो.